विकलेल्या वस्तूवरील मालकी

संगणकाचे यंत्र आणि त्याला चालविणारी कार्यप्रणाली, म्हणजेच ऑपरेटिंग सिस्टीम, या दोन स्वतंत्र वस्तू मानाव्यात की एकाच वस्तूची दोन अंगे, हा प्रश्न वरवर पाहता अभियंत्यांचा वाटतो. परंतु अ‍ॅपल कंपनीच्या इतिहासात तो ज्या ज्या वेळी उपस्थित झाला, त्या त्या वेळी त्याच्या मुळाशी मालकीचाच वाद होता. ग्राहकाने दाम मोजून घेतलेली वस्तू त्याने कोठे आणि कशी वापरावी, हे ठरविण्याचा किती अधिकार विक्रीनंतर विक्रेत्याकडे शिल्लक राहतो?

जून १९८५ मध्ये बिल गेट्स यांनी अ‍ॅपलच्या धुरीणांना टिपण पाठवून मॅकिंटॉशची प्रणाली इतर कारखानदारांना परवान्यावर द्यावी अशी शिफारस केली होती. ती मानली गेली नाही. त्याच वर्षीच्या नोव्हेंबरात विंडोज बाजारात आली, आणि जे अ‍ॅपलला त्या वेळी आपल्या सामर्थ्याच्या बळावर करता आले असते, ते दहा वर्षांनी, बाजारातील आपला वाटा आटत चालला असताना, निरुपायाने करावे लागले. पॉवर कॉम्प्युटिंग, रेडियस, यूमॅक्स, मोटोरोला अशा कंपन्यांना परवाने मिळाले. त्या नवे ग्राहक आणतील अशी अपेक्षा होती. प्रत्यक्षात त्यांनी अधिक वेगवान यंत्रे कमी किमतीत देऊन अ‍ॅपलचेच ग्राहक आपल्याकडे वळविले. १९९७ मध्ये परतलेल्या स्टीव्ह जॉब्ज यांनी हा मक्ता मोडीत काढला आणि पॉवर कॉम्प्युटिंगचा परवाना १० कोटी डॉलर किमतीचे समभाग देऊन परत घेतला. व्यवहार म्हणून हा निर्णय मला योग्यच वाटतो. मात्र त्यावरून प्रणाली आणि यंत्र यांचे नाते निसर्गतःच अभेद्य असते, असा जो सिद्धांत पुढे रूढ झाला, तो मला मान्य नाही. कारण याच जॉब्ज यांनी १९९३ मध्ये आपल्या नेक्स्ट कंपनीचा यंत्रनिर्मितीचा कारखाना बंद करून तिची प्रणाली इतरांच्या इंटेल संगणकांसाठी विकावयास काढली होती, आणि आजच्या मॅकची प्रणाली त्याच पायावर उभी आहे.

हे नाते किती अभेद्य आहे, याची कसोटी २००६ मध्ये लागली. अ‍ॅपलने आपल्या संगणकांत इंटेलचे प्रोसेसर बसविल्यावर मॅक आणि सामान्य पीसी यांतील अंतर इतकेच उरले की, एका नियंत्रक चिपमध्ये दडविलेली किल्ली, फर्मवेअरमधील काही कोष्टके आणि मोजक्या सुट्या भागांचे ड्रायव्हर जुळविले, म्हणजे प्रणाली परक्या यंत्रावर सुरू होई. ‘हॅकिंटॉश’ या नावाने ही विद्या जगभर पसरली. आधी क्लोव्हर, पुढे ओपनकोअर या बूटलोडरांनी ती पद्धतशीर केली. त्यांचे काम एवढेच की, प्रणाली जागी होताना समोरचे यंत्र मॅक असल्याची ग्वाही तिला द्यावयाची. वायफाय चालावे, ध्वनी उमटावा, झोपविलेला संगणक पुन्हा नीट उठावा, यांसाठी लोकांनी रात्री घालविल्या, आणि या खटाटोपात त्यांना आपल्या यंत्राचे जे ज्ञान झाले, ते तयार संगणक घेणाऱ्यास सहसा होत नाही. प्रणाली केवळ अ‍ॅपलच्याच यंत्रावर चालवावी असे कलम तिच्या वापराच्या करारात असले, तरी अशा माणसास करारभंगाचा कसूरवार म्हणण्यास माझी लेखणी धजत नाही.

फ्लोरिडातील सायस्टार कंपनीची गोष्ट वेगळी होती. तिने २००८ मध्ये असे संगणक तयार करून विकावयास प्रारंभ केला आणि प्रत्येक यंत्रासोबत प्रणालीची विकत घेतलेली तबकडी दिली. परंतु यंत्रात भरलेली प्रत त्या तबकडीवरून न घेता एका मूळ प्रतीवरून छापलेली होती, आणि या मुद्द्यासह इतर कारणांवरून २००९ मध्ये न्यायमूर्ती विल्यम ऑलसप यांनी तिच्याविरुद्ध निकाल देऊन कायमचा मनाई हुकूम काढला. इथवर न्यायालयाचे म्हणणे रास्त आहे. परंतु प्रणाली केवळ अ‍ॅपलच्याच यंत्रावर चालवावी ही अट स्वामित्वहक्काचा दुरुपयोग ठरते, हा सायस्टारचा बचावही २०११ मध्ये अपील न्यायालयाने फेटाळला. प्रतिस्पर्ध्यास स्वतःची प्रणाली घडविण्यास या अटीने मज्जाव होत नाही, हे त्यामागील तर्कशास्त्र. ते प्रतिस्पर्ध्यापुरते खरे आहे. ज्याने दुकानातून एक प्रत विकत आणून आपल्याच घरच्या यंत्रावर ती चढविली, त्या ग्राहकाला त्यात कोठेच स्थान नाही.

अ‍ॅपलची बाजू पोकळ आहे असे नव्हे. मोजक्याच यंत्रांवर प्रणाली पारखून घेता आली म्हणजे ती स्थिर राहते, आणि परक्या यंत्रातील दोषांचे उत्तरदायित्व कंपनीने का घ्यावे, हा आक्षेप बिनतोड आहे. परंतु उत्तरदायित्व नाकारणे निराळे आणि वापरच निषिद्ध करणे निराळे.

२०२० पासून अ‍ॅपल स्वतःच घडविलेल्या प्रोसेसरांकडे वळली, आणि इंटेल संगणकांवर चालणारी शेवटची आवृत्ती कोणती, हेही तिने २०२५ मध्ये जाहीर केले. म्हणजे जो निर्बंध आजवर कराराच्या कलमात होता, तो आता यंत्रातच उतरला. हा फरक मला मोठा वाटतो. कराराचे कलम वाचता येते, त्याच्या अर्थावर वाद घालता येतो, ते अन्यायकारक आहे अशी फिर्याद करता येते. प्रोसेसरच्या रचनेतच उतरलेल्या निर्बंधापुढे दाद मागावयास जागाच राहत नाही. पुढील काळासाठी हा वाद अशा रीतीने मिटविण्यात आला असला, तरी मागील हिशेब उरतोच. इंटेलसाठी काढलेल्या ज्या आवृत्त्यांचा सांभाळ कंपनीने सोडून दिला आहे, त्यांपुरते तरी हे कलम तिने जाहीरपणे मागे घ्यावे, आणि ज्यांच्याकडे त्या प्रती आहेत त्यांना त्या हव्या त्या यंत्रावर चालविण्याची मुभा लेखी द्यावी.