घबराट नको म्हणून

ऑस्ट्रेलियाची राजधानी कॅनबेरा. तिच्या पश्चिमेच्या डोंगरांत ८ जानेवारी २००३ रोजी विजा पडून वणवे लागले. दहा दिवस ते रानात पेटत राहिले आणि १८ तारखेच्या शनिवारी शहरावर आले. कडेच्या डफी या वस्तीत पाइनची लागवड थेट घरांसमोर येऊन थांबलेली. भरदुपारी अंधारून आलं. आणीबाणी जाहीर झाली पावणेतीनला, तोवर आग उंबऱ्याशी पोचली होती. चार माणसं गेली, जवळजवळ ५०० घरं जळाली, माउंट स्ट्रोम्लोची वेधशाळा दुर्बिणींसकट खाक झाली.

वारा, उन्हाळा, दुष्काळ यांना जाब विचारता येत नाही. पण मधले दहा दिवस मनातून जात नाहीत. मृत्यूंची चौकशी करणाऱ्या न्यायाधिकारी मारिया डूगन यांनी २००६च्या अहवालात दोन गोष्टींवर बोट ठेवलं: आग लहान होती तेव्हा ती नेटाने विझवली गेली नाही, आणि लोकांना वेळेवर सावध केलं गेलं नाही. १६ तारखेला मंत्रिमंडळाला धोक्याची माहिती दिली गेली होती. मुख्यमंत्री जॉन स्टॅनहोप यांनी आपल्यावरचा ठपका मान्य केला नाही.

हेच स्टॅनहोप मंत्रिमंडळाला ती माहिती मिळण्याआधी तीनच दिवस, १३ तारखेला, बेंडोरा धरणात कोसळलेल्या हेलिकॉप्टरच्या वैमानिकाला वाचवायला पाण्यात उतरले होते. त्यामुळे त्यांना बेफिकीर ठरवून मोकळं होता येत नाही. एका जिवासाठी पाण्यात उडी घेणारा माणूस लाखोंना ‘घरं सोडायची तयारी ठेवा’ म्हणताना अडखळू शकतो. पहिल्या धाडसात स्वतःचा जीव पणाला लागतो, दुसऱ्यात स्वतःचा शब्द. आग आलीच नाही तर हसं होतं. मला दुसरं धाडस जास्त अवघड वाटतं.

‘घबराट होईल’ हे अशा वेळचं नेहमीचं कारण. आपल्याकडे घरातल्या आजाऱ्याला रोगाचं नाव सांगत नाहीत, तसंच. हेतू मायेचा असतो, पण ज्याचा जीव त्यालाच तयारीचे दिवस नाकारले जातात. दोन दिवस हाती असते तर पन्हाळीतला पाचोळा काढता आला असता, म्हाताऱ्यांना नातेवाइकांकडे पोचवता आलं असतं, कागदपत्रं गाडीत ठेवता आली असती. यात घबराट कुठे आहे? खरी घबराट उडाली ती शनिवारी दुपारी, कुणी काही सांगितलं नव्हतं म्हणून.

फेब्रुवारी २००९मध्ये व्हिक्टोरिया राज्यातल्या वणव्यांत १७३ माणसं मेली. त्यानंतर ऑस्ट्रेलियात धोक्याची आणखी वरची पातळी ठरवली गेली. ती जाहीर झाली की स्पष्ट सांगतात: घर वाचवायला थांबू नका, आधीच निघा. लोक मुलंबाळं, कुत्री-मांजरं घेऊन निघतात. कधी आग दुसरीकडेच वळते, आणि परतल्यावर अधिकाऱ्यांना चार शब्द ऐकून घ्यावे लागतात. ते त्यांनी खुशाल ऐकून घ्यावेत.