नम्र व्हावे कोणापुढे?

शिस्त आणि नम्रता ही एकाच गोष्टीची दोन नावे आहेत, असे मी मुख्याध्यापक या नात्याने बरीच वर्षे मानत आलो. मुलाने मान खाली घातली की तो नम्र, उलट बोलला की उद्धट, इतका सोपा हिशेब! तो माझ्याच वर्गात चुकला.

नववीच्या वर्गावर पंडिता रमाबाईंविषयी शिकवताना मी सांगितले, की त्यांनी शारदा सदन पुण्यात स्थापन केले. मागच्या बाकावरचा एक मुलगा उभा राहिला. "सर, आधी मुंबईत." वर्गात खसखस पिकली. मी त्याला माफी मागायला सांगितले. "माझं चुकलं असेल तर मागतो, सर," तो शांतपणे म्हणाला. मी त्याला तासभर उभे ठेवले.

रात्री गौलीगुड्यातल्या घरी पुस्तक काढले. शारदा सदन 11 मार्च 1889 रोजी मुंबईत सुरू झाले. पुण्याला ते 1890 साली आले. दुसऱ्या दिवशी वर्गात मी जाता जाता दुरुस्ती सांगितली. माफीचा शब्द मात्र ओठांवर आला नाही.

त्या निमित्ताने रमाबाई पुन्हा वाचल्या. सीमाभागातल्या आपल्या घरांना त्या परक्या नाहीत. 1858 साली त्यांचा जन्म झाला तो कर्नाटकातल्या गंगामूळच्या रानात. आईकडून संस्कृत शिकलेल्या या मुलीला 1878 साली कलकत्त्याच्या विद्वानांनी 'पंडिता' आणि 'सरस्वती' म्हणून गौरवले. 1883 साली इंग्लंडमध्ये वाँटेज येथे त्यांनी बाप्तिस्मा घेतला. देवापुढे नम्र झालेली ही बाई मग गप्प बसली का? मुळीच नाही. ज्या सिस्टर जेराल्डिन यांच्या छायेत त्या राहिल्या, त्यांच्याशीच त्यांनी पत्रांतून वाद घातला. देवाची आज्ञा शिरसावंद्य. पण धर्मगुरू सांगतात म्हणून डोळे मिटून मानणार नाही, असा त्यांचा रोख होता. त्यात समोरच्यांना गर्व दिसला.

मग नम्रता कोठे शोधायची? केडगावला. तेथे रमाबाईंनी हिब्रू आणि ग्रीक या मूळ भाषांचा अभ्यास करून बायबलचे मराठी भाषांतर केले. पंडिती भाषा त्यांना सहज साधली असती. त्यांनी ती बाजूला ठेवली आणि खेड्यातल्या बाईला कळेल अशी साधी मराठी निवडली. 1922 साली त्या गेल्या. संपूर्ण ग्रंथ केडगावच्या मुक्ती छापखान्यातून 1924 साली बाहेर आला.

मी ख्रिस्ती नाही. तरी योहानाच्या शुभवर्तमानातला एक प्रसंग मला शिक्षक म्हणून अस्वस्थ करतो. शेवटच्या भोजनाच्या वेळी येशू कमरेला रुमाल बांधतो आणि शिष्यांचे पाय धुतो. आपल्याकडे शिष्याने गुरूचे पाय धुवायचे. येथे सारे उलटेच! पण वारीत लहानथोर न पाहता एकमेकांच्या पाया पडणारे वारकरी आठवले, की हे उलटे वाटेनासे होते.

देवापुढे नम्र होणे म्हणजे आपली विद्या, आपले पद, सारे काही मिळालेले आहे, कमावलेले नाही, हे ओळखणे. जे आपले नव्हेच, ते सांभाळण्याची धडपड कशाला? अशा माणसाला वरच्यापुढे सत्य सोडून वाकावे लागत नाही आणि खालच्यापुढे वाकण्याची लाज वाटत नाही. माझे नेमके याच्या उलट होते. अधिकाऱ्यांपुढे मी चटकन वाकत असे, आणि त्यालाच नम्रता समजत असे.

कोणी विचारील, मुख्याध्यापकाने मुलाची माफी मागितली तर शिस्त राहील काय? मला वाटते, तेव्हाच ती राहील. चूक झाकून राखलेली शिस्त म्हणजे नुसता धाक.

तो मुलगा आता शाळा सोडून गेला आहे. त्याच्या घरी हा अंक जातो की नाही, मला ठाऊक नाही. गेला, तर त्याने एवढे वाचावे: बाळ, त्या दिवशी तू नम्र होतास, मी नव्हतो. जी माफी वर्गात मागायला हवी होती, ती आज येथे मागतो.