साडेआठचा पाऊस

पुण्यातल्या एका प्रयोगशाळेत पीएचडी करणारी एक मुलगी कोकण आणि सह्याद्रीतला पाऊस तपासत होती. एकीकडे हवामान खात्याच्या पर्जन्यमापकांच्या रोजच्या नोंदी, दुसरीकडे उपग्रहाचे आकडे. दोन्ही जुळवणारा पायथॉन कोड तिने एआय सहायकाकडून लिहून घेतला. तो पहिल्याच खेपेला चालला. आकडे मात्र जुळेनात. उपग्रहाला घाटातला पाऊस नीट दिसत नाही, असा निष्कर्ष तिने लिहून टाकला. तो पटण्यासारखा होता, म्हणून जास्तच धोक्याचा.

कोड कुणाकडून आला हे ती गटात बोलली नव्हती. आपल्याला येत नाही असं वाटेल, ही धास्ती. गटातल्या सीनियर दादाने कोड चाळला, तारखा जुळवणारी ओळ पाहिली आणि पुढे गेला. हिने विचार केलाच असणार, असं त्याने धरलं.

बैठकीत सर म्हणाले, "२६ जुलै २००५ काढ बरं."

उपग्रहाच्या रकान्यात मुंबईचा तो पाऊस २६ तारखेला होता. मापकाच्या रकान्यात सांताक्रूझचे ९४४ मिलिमीटर मात्र २७ला.

"अगं, मापक सकाळी साडेआठला वाचतात. आदल्या चोवीस तासांचं पाणी, पण तारीख त्या सकाळची. उपग्रहाचा दिवस ग्रिनिचच्या मध्यरात्री, म्हणजे आपल्या पहाटे साडेपाचला सुरू होतो. ही ओळ अशी का लिहिलीस?"

ती गप्प राहिली. मग म्हणाली, "सर, ती मी लिहिलेली नाही. एआयने लिहिली."

सर रागावले नाहीत. "हे आधी कळलं असतं, तर याने ती ओळ तीनदा वाचली असती."

दादाने मान खाली घातली.

त्या संध्याकाळी तिने सहायकाला पहिल्यांदाच विचारलं, तारखांबद्दल तू काय गृहीत धरलंस? दोन्ही फायलींतला दिवस एकाच वेळी सुरू होतो असं, उत्तर आलं. इतके दिवस हे विचारायचं सुचलंच नव्हतं. मग तिने साडेआठची गोष्ट सांगितली, आणि दोघांनी मिळून उपग्रहाचा अर्ध्या अर्ध्या तासाचा पाऊस साडेआठ ते साडेआठ असा बेरजेला घेतला. २६ जुलैचा तो पाऊस दोन्हीकडे एकाच तारखेला यायलाच हवा, अशी चाचणीही लिहिली. बराचसा फरक मिटला. थोडा उरला, तो खरोखरच घाटातला होता.

कोडच्या माथ्यावर तिने टीप घातली: "जुळवणी एआयकडून. वेळेची दुरुस्ती आणि चाचणी माझ्या सांगण्यावरून. तपासणी:" पुढची जागा मोकळी ठेवली.

दादाने खुर्ची ओढली आणि पहिल्या ओळीपासून वाचायला घेतलं.