समुद्र चाळीस किलोमीटरवर

चक्रीवादळ म्हणजे किनाऱ्यावरच्यांची काळजी, अशी समजूत कल्याणजवळच्या मोहन्यात अजून पक्की आहे. ती निराधार आहे असंही नाही. अरबी समुद्र इथून सरळ रेषेत चाळीसेक किलोमीटर, मध्ये खाडी आणि बोरिवलीचे डोंगर. आमच्या लोकांना पाण्याचा धसका आहे तो उल्हास नदीचा. २६ जुलै २००५ चा पूर अजून बोलण्यात येतो, आणि तो चक्रीवादळाचा नव्हता. त्यामुळे पाणी म्हणजे पावसाळा आणि वादळ म्हणजे समुद्र, अशी वाटणी मनात होऊन बसली आहे. वादळाविषयीचं ज्ञान मात्र गेल्या दोनशे वर्षांत या वाटणीच्या फार पुढे गेलं.

पूर्वी वादळ म्हणजे एका दिशेने येणारा फार जोराचा वारा, असंच बहुतेकांना वाटे. १८२१ मध्ये अमेरिकेच्या ईशान्य किनाऱ्यावर वादळ झालं, तेव्हा विल्यम रेडफिल्ड नावाच्या खोगीर बनवणाऱ्या माणसाने पडलेली झाडं नीट पाहिली. एका भागात ती वायव्येकडे आडवी झाली होती, थोडं पुढे गेल्यावर नेमकी आग्नेयेकडे. वारा गोल फिरल्याशिवाय असं होणार नाही, हे त्याने १८३१ मध्ये मांडलं. जेम्स एस्पी या हवामान अभ्यासकाला ते पटलं नाही. त्याचं म्हणणं, हवा मध्याकडे धावते आणि वर चढते. चढताना वाफेचं पाणी होतं, त्यातून उष्णता सुटते आणि त्या उष्णतेवर वादळ चालतं. दोघं वर्षानुवर्षं भांडले. पुढे विल्यम फेरेलने पृथ्वीच्या फिरण्याचा हिशेब घातला, तेव्हा उलगडलं की दोघांकडेही अर्धं अर्धं सत्य होतं. हवा आत ओढली जाते, पण वळत वळत. आपल्या गोलार्धात घड्याळाच्या उलट दिशेने.

याच काळात आपल्या देशात, कोलकात्यात, हेन्री पिडिंग्टन जहाजांच्या नोंदवह्या गोळा करून बंगालच्या उपसागरातली वादळं कागदावर मांडत होता. मला या सगळ्यांत तो मोठा वाटतो, कारण त्याची नजर वाऱ्यावरून पाण्याकडे वळली. मातला नदीवर नवं बंदर उभारायचं ठरलं, तेव्हा १८५३ मध्ये त्याने गव्हर्नर जनरलला खुलं पत्र लिहून बजावलं, की वादळासोबत समुद्र आत चढेल आणि हे बंदर बुडेल. कुणी ऐकलं नाही. ते बंदर, पोर्ट कॅनिंग, बांधलं गेलं. १८६७ च्या वादळाने त्याची वाताहत केली. ते पाहायला पिडिंग्टन नव्हता. त्याआधी १८६४ मध्ये खुद्द कोलकात्याला वादळाचा तडाखा बसून हजारो माणसं गेली होती. अशा आपत्तींनंतर १८७५ मध्ये भारतीय हवामान खातं स्थापन झालं.

एस्पीच्या उष्णतेचा धागा विसाव्या शतकात पूर्ण झाला. हवामानशास्त्रज्ञ एरिक पामेनने १९४८ मध्ये दाखवलं, की समुद्राचं पाणी साधारण २६-२७ अंशांच्या वर असेल तिथेच ही वादळं जन्मतात. केरी इमॅन्युएलने १९८६ मध्ये पुढचं सांगितलं: वारा जितका जोरात तितकं समुद्रातून बाष्पीभवन जास्त, आणि ते बाष्प वर जाऊन उष्णता सोडतं म्हणून वारा आणखी जोरात. वादळ जमिनीवर आलं की ही रसद तुटते. ऐन पावसाळ्यात समुद्र गरम असूनही मोठी वादळं क्वचित होतात, कारण खाली पश्चिमेचा आणि वर पूर्वेचा वारा असतो. उभं राहू पाहणारं वादळ त्या ओढाताणीत वाकतं. म्हणून अरबी समुद्रात त्यांचा हंगाम पावसाळ्याच्या आगेमागे, मे-जून आणि ऑक्टोबर-नोव्हेंबर. २००९ चं फयान वादळ नोव्हेंबरातलं.

रसद तुटली म्हणून वादळ किनाऱ्यावर लगेच मरत नाही. ३ जून २०२० ला निसर्ग चक्रीवादळ श्रीवर्धन-दिवेआगरजवळ जमिनीवर आलं, सुपारीच्या बागा झोपवल्या, आणि घाट चढून मावळ-जुन्नरमधली पॉलिहाऊस फाडत नाशिककडे गेलं. पुढच्या वर्षी १७ मे रोजी तौक्ते तर मुंबईला शिवलंही नाही. त्याचा मध्य समुद्रात सुमारे दीडशे किलोमीटर पश्चिमेला होता, तरी मुंबईत २०० मिलिमीटरहून जास्त पाऊस पडला, आणि कल्याण पट्ट्यातही झाडं पडली, वीज गेली. त्या दिवशी मोहन्यात वाऱ्याकडे पाठ करून उभं राहिलं, तर वादळाचा मध्य डाव्या हाताला. हा बाईस बॅलट या हवामानशास्त्रज्ञाचा १८५७ चा नियम. सकाळी पूर्वेकडून लागणारा वारा दिवस चढत गेला तसा दक्षिणेकडे फिरत गेला, म्हणजे वादळ आपल्या पश्चिमेने उत्तरेकडे सरकत होतं. हे ओळखायला कुठलंही यंत्र लागत नाही.

पुण्याच्या उष्णदेशीय हवामानविज्ञान संस्थेतल्या संशोधकांनी दाखवलं आहे, की अरबी समुद्रातल्या चक्रीवादळांची संख्या वाढते आहे आणि ती समुद्रावर जास्त काळ टिकू लागली आहेत. समुद्र तापतो आहे हे त्यामागचं कारण. वादळाच्या मार्गाचा अंदाज आता काही दिवस आधीच मिळतो. अडतं ते आपल्याकडे. नालेसफाईची मुदत मेअखेरची, फांद्या छाटायच्या त्याही मृगाच्या आधी कधीतरी. तौक्ते आलं तेव्हा मे अर्धाच झाला होता. शिवाय मोहने बंधाऱ्याचं पाणी कल्याण-डोंबिवलीला जातं, आणि उदंचन केंद्राची वीज गेली की पूर नसतानाही घराघरांतले नळ कोरडे. नाले एप्रिलअखेर साफ झाले पाहिजेत, ऑक्टोबरच्या तोंडावर दुसरी फेरी हवी, आणि पंपांच्या वीजवाहिन्यांलगतची झाडं वर्षातून दोनदा तपासली पाहिजेत. किनाऱ्यावरच्या गावांना जो इशारा जातो, तो त्याच दिवशी मोहन्याच्या प्रभाग कार्यालयातही लागला पाहिजे.