माळ्यावरची वही

चि. ईशूस अनेक आशीर्वाद.

बाळा, रंगकामासाठी माळा रिकामा केला आणि तुझी वही सापडली. नववीत असताना बेटांचा नकाशा काढून खळीने चिकटवला होतास, तीच. एक कोपरा झुरळांनी खाल्लाय, पण निळ्या शाईच्या नद्या अजून स्पष्ट दिसतात. परवा फोनवर म्हणालीस, "आत्या, टाकून दे ती, मला वाचवत नाही." तेव्हापासून मनाला रुखरुख लागली आहे गं.

उर्सुला ले गुइनचं पुस्तक तूच माझ्या हातात दिलं होतंस. तिनेही आधी नकाशाच काढला, मग त्या बेटांवरची गोष्ट. 'अ विझर्ड ऑफ अर्थसी' १९६८ साली आलं. जादूगार म्हणजे पांढऱ्या दाढीचा म्हातारा, हीच तोवरची समजूत. हा पोरवयात कसा असेल, असं तिला वाटलं आणि शेळ्या राखणारा, तांबूस-तपकिरी कातडीचा गेड जन्मला. पण रोक बेटावरच्या जादूच्या शाळेत मुलींना जागाच नव्हती. बायकांची जादू तिथे हलकी मानली जाई. हे तिचं तिलाच पुढे खुपलं.

तरी तिने जुनी पुस्तकं पुसली नाहीत, की लाजून लपवली नाहीत. तिसऱ्या पुस्तकानंतर अठरा वर्षांनी, १९९० मध्ये, 'तेहानू' लिहिलं. तीच बेटं, पण आता बघणारी तेनार: विधवा, शेतावर राबणारी, होरपळलेल्या एका पोरीला पोटाशी धरणारी. गेडची जादू तर संपलेली. भांडी, शेळ्या, आजारपण यांतून तेच जग मला पहिल्यापेक्षा खरं वाटलं. मला तरी तिचं हेच पुस्तक सगळ्यात जवळचं.

तुझ्या बेटांवर राण्या नुसत्या खिडकीत बसतात, हे आता तुला खटकतं ना? मग परत जा तिथे, त्यांना खाली उतरव. पण पंधराव्या वर्षीच्या ईशूवर चिडू नकोस. तिला जेवढं दिसलं तेवढं तिने मन लावून लिहिलं.

इकडे सगळे बरे आहेत. बाबांचा गुडघा जरा दुखतो, मोगरा भरभरून आलाय. तिकडे थंडीत कान झाकून हिंडत जा, आणि रात्री उशिरापर्यंत उपाशी लिहीत बसू नकोस.

वही प्लास्टिकमध्ये गुंडाळून माझ्या कपाटात ठेवली आहे. डिसेंबरात येशील तेव्हा घेऊन जा.

तुझी,
आत्या