मेंदूच्या पहारेकऱ्यांना वळण

डोंबिवलीहून निघालेला माणूस ठाण्याला उतरून ट्रान्स-हार्बरची पनवेल गाडी धरतो आणि खारघरला पोहोचतो. टाटा स्मारक केंद्राचे ‘अ‍ॅक्ट्रेक’ हे कर्करोग संशोधन केंद्र तिथे आहे. भारतातला पहिला कार-टी उपचार ४ जून २०२१ रोजी तिथेच झाला. त्यात रुग्णाच्याच रक्तातून टी पेशी नावाच्या प्रतिकारपेशी काढतात, निरुपद्रवी केलेल्या विषाणूकरवी त्यांच्यात एक नवे जनुक पोचवतात आणि वाढवलेल्या पेशी त्याच रुग्णाला परत चढवतात. त्या जनुकामुळे पेशीच्या अंगावर कर्करोगी पेशी नेमकी ओळखणारी पकड उगवते. आयआयटी मुंबईतील डॉ. राहुल पुरवार यांचा गट आणि टाटाचे डॉक्टर यांनी मिळून घडवलेल्या या ‘नेक्सकार-१९’ला ऑक्टोबर २०२३ मध्ये मंजुरी मिळाली आणि ४ एप्रिल २०२४ रोजी राष्ट्रपतींच्या हस्ते त्याचे लोकार्पण झाले. परदेशात तीन-चार कोटी रुपयांना पडणारा उपचार इथे तीस-चाळीस लाखांवर आला. उपचार रक्ताच्या कर्करोगावरचा आहे, पण त्यातून सिद्ध झालेली गोष्ट त्या रोगापुरती उरत नाही. प्रतिकारपेशीला नवे काम शिकवता येते, आणि ते शिकवण्याचे कसब आता आपल्या दारात आहे. म्हातारपणी झिजत जाणाऱ्या मेंदूसाठी, म्हणजे अल्झायमर, कंपवात, एएलएस या रोगांसाठी, हेच कसब सर्वांत आशादायक आहे असे मला वाटते. त्याचे कारण त्या मेंदूत पेटलेल्या दाहाच्या स्वभावात आहे.

मेंदूत चेतापेशींच्या जोडीने पहारेकरी पेशींचीही वस्ती असते. स्पॅनिश शास्त्रज्ञ पिओ देल रिओ-ओर्तेगा यांनी १९१९ मध्ये त्यांना मायक्रोग्लिया हे नाव दिले. या पेशी मूळच्या मेंदूतल्या नाहीत. गर्भाच्या अगदी सुरुवातीच्या दिवसांत पीतक पिशवीतून त्या मेंदूत येतात आणि जन्मभर तिथेच राहतात. कचरा उचलणे, मेलेल्या पेशी गिळणे, नको असलेले चेताजोड छाटणे ही त्यांची रोजची कामे. म्हातारपणी किंवा रोगात यांतल्या काही पेशी बिथरतात. कचरा उचलायचे सोडून दाह वाढवणारी रसायने ओतू लागतात आणि धडधाकट चेताजोडही खाऊ लागतात. आता पहारेकरीच दांडगाई करू लागला तर त्याला झोपवायचे, हाकलायचे की पुन्हा कामाला लावायचे? गेल्या पाव शतकातली बरीचशी निराशा पहिल्याच पर्यायावर भिस्त ठेवल्यामुळे पदरी आली.

सांधेदुखीसाठी वर्षानुवर्षे दाहशामक गोळ्या घेणाऱ्यांत अल्झायमर कमी दिसतो, असे निरीक्षण विसाव्या शतकाच्या अखेरीस पुढे आले होते. त्यावरून अमेरिकेत सुमारे अडीच हजार वृद्धांवर नेप्रोक्सेन आणि सेलेकॉक्सिब यांची मोठी चाचणी सुरू झाली. डिसेंबर २००४ मध्ये हृदयाच्या धोक्याच्या भीतीने ती थांबवावी लागली, आणि पुढे त्या माणसांवर लक्ष ठेवूनही गोळ्यांनी रोग टाळल्याचे दिसले नाही. दाह सरसकट दाबला की वाईट कामाबरोबर चांगले कामही बंद पडते. उलट टोकाची चूकही होऊन गेली आहे. मेंदूत साचणाऱ्या अमायलॉइड प्रथिनाविरुद्ध प्रतिकारशक्तीला चेतवणारी एक लस २००२ मध्ये बंद करावी लागली, कारण ती घेतलेल्या तीनशेपैकी अठरा जणांच्या मेंदूला आणि त्याच्या आवरणांना सूज आली. नंतरच्या शवविच्छेदनांत काहींच्या मेंदूतले अमायलॉइड जवळपास साफ झालेले आढळले, तरी त्यांची विस्मृती शेवटपर्यंत वाढतच गेली होती. मला हा तपशील सगळ्यांत बोलका वाटतो. कचरा गेला, पण पहारेकऱ्यांची बिघडलेली वागणूक तशीच राहिली असावी.

म्हणून मधली वाट शोधायची. शरीराकडे ती तयारही आहे. प्रतिकारशक्तीला आवर घालणाऱ्या नियामक टी पेशींच्या शोधासाठी २०२५ चे वैद्यकाचे नोबेल मेरी ब्रुन्को, फ्रेड रॅम्सडेल आणि शिमोन साकागुची यांना मिळाले. ह्यूस्टनमध्ये स्टॅनली अ‍ॅपल यांच्या गटाने एएलएसच्या तीन रुग्णांच्या अशा पेशी काढून प्रयोगशाळेत वाढवल्या आणि त्यांनाच परत दिल्या. २०१८ मध्ये त्यांनी कळवले की मात्रा चालू असताना रोगाचा वेग मंदावला आणि मध्ये खंड पडला की पुन्हा वाढला. तीन माणसांवरून काही सिद्ध होत नाही, हे खरेच. पण २०२५ मध्ये चीनमधून आलेला पुरावा अधिक भक्कम आहे. मायक्रोग्लियाचेच एक जनुक बिघडल्यामुळे होणाऱ्या दुर्मीळ मेंदूविकाराच्या आठ रुग्णांना दात्याची अस्थिमज्जा दिली गेली, त्यातून आलेल्या पेशींनी मेंदूत मायक्रोग्लियाची जागा घेतली, आणि दोन वर्षे रुग्णांची घसरण थांबली. जर्मनीत एर्लांगेनला गिओर्ग शेट यांच्या गटाने कार-टी पेशींना कर्करोगाऐवजी ल्युपस या स्वप्रतिकार रोगाकडे वळवले आणि २०२२ मध्ये पाचही रुग्ण रोगमुक्तीत गेल्याचे नोंदवले. पेशी तीच आणि तंत्रही तेच. बदलला तो फक्त रोग.

यावर पहिला आक्षेप असा की दाह हा रोगाचा धूर आहे, आग नव्हे. धूर हटवून काय साधणार? याचे उत्तर जनुकशास्त्राने दिले आहे. मेंदूत प्रामुख्याने मायक्रोग्लियात काम करणाऱ्या ‘ट्रेम-२’ या जनुकातल्या एका दुर्मीळ बदलामुळे अल्झायमरचा धोका सुमारे तिप्पट होतो, हे २०१३ मध्ये प्रसिद्ध झाले. जनुक जन्मापासून सोबत असते, रोग सत्तरीत येतो. म्हणजे पहारेकऱ्याचा दोष आधीचा. दुसरा आक्षेप याहून जड आहे आणि तो मी पूर्ण खोडू शकत नाही. याच ट्रेम-२ ला चेतवणाऱ्या प्रतिपिंडाची मोठी चाचणी नोव्हेंबर २०२४ मध्ये अपयशी ठरली. मला त्यातून एवढेच कळते की एकच कळ दाबून पेशीची सगळी वागणूक बदलत नाही आणि वेळ फार उशिराची होती. पण हे अनुमान आहे, पुरावा नाही. तिसरी भीती डॉक्टरांची: कार-टी पेशी स्वतःच कधीकधी मेंदूत सूज आणतात, आणि त्या देण्याआधी रसायनोपचार करावा लागतो. पंच्याहत्तरीच्या आजींना तो झेपेल का? आज नाही. म्हणून वृद्धांसाठी मारक पेशींपेक्षा आवर घालणाऱ्या पेशी आणि सौम्य पूर्वतयारी यांवरच भर हवा.

राहिला खर्च. त्याचे उत्तर खारघरने दिले आहे. अर्धे का होईना, कारण तीस लाखही ठाण्या-कल्याणच्या बहुतेक घरांना अशक्यच आहेत. पण माझी खरी काळजी पैशाच्या आधीची आहे. देशात साठीपुढच्या सुमारे ७.४ टक्के लोकांना स्मृतिभ्रंश असल्याचा अंदाज २०२३ मध्ये प्रसिद्ध झाला. २०११ च्या जनगणनेतली ठाणे आणि कल्याण-डोंबिवली या दोन महापालिकांची एकतीस लाखांची लोकसंख्या आणि राज्यातले ज्येष्ठांचे दहा टक्क्यांच्या आसपासचे प्रमाण धरले, तर या पट्ट्यात तेवीस हजारांच्या जवळपास रुग्ण निघतात. शहरी भागात प्रमाण थोडे कमी असते हे मान्य केले तरी संख्या लहान होत नाही, आणि २०११ नंतर हा पट्टा वाढलाच आहे. यांतल्या किती जणांचे निदान झाले असेल? ‘वय झालं, विसरतात’ एवढ्यावर बहुतेक घरे थांबतात. पहारेकऱ्यांना वळण लावायचा कोणताही उपचार चेतापेशी शिल्लक असतानाच लागू पडणार. निदान उशिरा झाले तर पेशी कितीही हुशार करून पाठवल्या तरी त्यांनी वाचवायचे कोणाला?

निदानाच्या या पोकळीतच ‘स्टेम सेल’च्या जाहिराती शिरतात. भारतीय वैद्यक संशोधन परिषदेच्या २०१७ च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार रक्तविकारांसारख्या ठरावीक आजारांतले अस्थिमज्जारोपण सोडले, तर असे उपचार फक्त नोंदणीकृत चाचणीतच करता येतात, आणि चाचणीतल्या रुग्णाकडून त्याचे पैसे घ्यायचे नसतात. कंपवातासाठी लाखो रुपये मागणाऱ्याला चाचणीचा नोंदणी क्रमांक विचारावा. तो सार्वजनिक नोंदणीत कोणालाही पाहता येतो. आणि महापालिकांच्या रुग्णालयांत आठवड्यातला एक दिवस स्मृतितपासणीचा बाह्यरुग्ण विभाग चालवायला ना नवे यंत्र लागते ना नवे जनुक. लागतो तो एक प्रशिक्षित डॉक्टर, मराठीतली वीस मिनिटांची चाचणी आणि नोंदवही. खारघरची प्रयोगशाळा उद्या मेंदूच्या रुग्णांसाठी पेशी घडवू लागली, तर पहिला रुग्ण कोण हे त्या नोंदवहीतूनच कळेल.