वाटणीआधीचे ऋण

आईचे तेरावे झाले, त्याच्या दुसऱ्या दिवशी आमच्या सोप्यात एक कागद वाचला गेला. ही २०१२ सालची गोष्ट. वडील आधीच गेलेले. घर आईच्या नावावर होते आणि तिने मृत्युपत्र केलेले नव्हते. म्हणजे कायद्याने मी, पुण्यातला धाकटा भाऊ आणि बेळगावातच दिलेली थोरली बहीण अशा तिघांचा सारखा हिस्सा. वाचला गेलेला कागद ताईच्या हक्कसोडपत्राचा होता. आईची शेवटची चार वर्षे अंथरुणात गेली. त्या चार वर्षांत रोज दोन वेळा येऊन तिचे अंग पुसणारी, कूस बदलणारी, घास भरवणारी ताईच होती. मी परगावी नोकरीला होतो. रविवारी येत असे. ताईने फक्त एवढेच विचारले, ''सही कुठं करायची?'' आणि वर्गात मुलांना नीतीचे धडे देणाऱ्या मी खिशातले पेन काढून तिच्यापुढे धरले.

कोणी भांडले नाही. भाऊबंदांनी आमच्या घराचे कौतुकच केले. तरी त्या दिवशी काहीतरी चुकले, हे मला उमगत होते. नेमके काय चुकले, हे शोधण्यात पुढे बरीच वर्षे गेली.

या प्रश्नाचे एक उत्तर लोकांच्या तोंडी तयार असते: जो सांभाळेल त्याला द्यावे. त्यात तथ्य आहे. घर मुलाच्या नावावर करून देऊन नंतर त्याच घरात पोरके झालेले वृद्ध आपण पाहिले आहेत. त्यांच्यासाठी २००७ साली ज्येष्ठ नागरिकांच्या निर्वाहाचा कायदा झाला. सांभाळण्याच्या अटीवर मालमत्ता दिली आणि ती अट पाळली गेली नाही, तर न्यायाधिकरणाकडून ते हस्तांतर रद्द करून घेता येते. फसवल्या गेलेल्यांना हा आधार हवाच. पण संकटातला आधार वेगळा आणि घरातला नित्याचा नियम वेगळा. सेवेच्या बदल्यात घर, असा सौदा एकदा ठरला, की उशाशी कागद ठेवून झोपणारा बाप पाण्याचा प्रत्येक पेला मोजू लागतो. मुलालाही, आपण हे मायेपोटी करतो की घरापोटी, हे खात्रीने सांगता येत नाही. आणि ज्यांच्याकडे देण्यासारखे काहीच नाही, त्या आईबापांनी काय करावे? १९५६ च्या कायद्याने निराधार वृद्ध आईवडिलांच्या पोषणाची जबाबदारी मुलगा आणि मुलगी दोघांवर टाकली. वारसा मिळो न मिळो, जबाबदारी सुटत नाही. आपल्यापैकी अनेकांचे सोयरे गोव्यात आहेत. तिथल्या कायद्याने अर्धी मालमत्ता मुलांसाठी राखीवच असते, बापाला ती सहसा दुसऱ्या कोणाला देता येत नाही. म्हणून तिथली मुले आईबापांकडे पाहत नाहीत, असे माझे तिथले नातलग पाहता मला म्हणवत नाही.

दुसरे उत्तर असे: सर्वांना सारखे द्यावे. आपल्याच सीमाभागातल्या कल्याणीत, म्हणजे आजच्या बीदर जिल्ह्यातल्या बसवकल्याणात, विज्ञानेश्वराने 'मिताक्षरा' लिहिली. वडिलार्जित मिळकतीत पुत्राचा हक्क जन्मतःच असतो, हा तिचा सिद्धांत. त्यात मुलीला देशभर स्थान मिळायला २००५ साल उजाडावे लागले. पण हक्क योग्यतेने मिळवायचा नसतो, तो जन्मानेच येतो, हा विचार मला उदार वाटतो. आईने लेकरांना तराजूत घालू नये, ते यासाठीच. मात्र ताईला तिचा तिसरा हिस्सा मिळाला असता, तरी पूर्ण न्याय झाला असता का? चार वर्षे राबलेली आणि रविवारी येणारा यांना सारखेच माप घातले, तर ते माप सरळ म्हणता येईल का?

मला सापडलेले उत्तर वाटणीच्या जुन्या रीतीतच होते. कोणतीही वाटणी करताना आधी देणी फेडतात आणि उरेल ते वाटतात. सेवा हेही एक देणे आहे. आई लेकीचे देणे लागत नव्हती. देणे लागत होतो आम्ही दोघे भाऊ. आमच्या वाट्याचे जागरण ताईने केले होते. ते देणे न फेडताच आम्ही वाटणीला बसलो, आणि वर तिचा हक्कही सोडवून घेतला. चुकले ते हे.

ज्येष्ठांचा सांभाळ आणि मालमत्तेची वाटणी ही दोन खाती वेगळी ठेवावीत. पहिले खाते आईवडील हयात असतानाच चुकते करावे. कोणी पैसे घालावेत, कोणी रात्री वाटून घ्याव्यात, आणि जी सून किंवा लेक रोज उभी असते, तिला वर्षातून काही दिवस तरी पूर्ण मोकळीक द्यावी. ते झाले, तर मागाहून केलेली सारखी वाटणी खरोखर न्यायाची होते.

हे देणे उशिरा फेडता येत नाही, हेही मी अनुभवाने शिकलो. २०१९ साली मी ताईकडे तिच्या हिश्शाच्या रकमेचा चेक घेऊन गेलो. तिने तो घेतला. नाकारण्याचा मोठेपणा मिरवला नाही, हे बरेच झाले. पण चहा देताना म्हणाली, ''तेव्हा चार रात्री जागायला आला असतास, तर मला झोप तरी मिळाली असती.'' त्या रात्रींचा चेक कोणत्या बँकेत वटतो?

यंदा मी माझे मृत्युपत्र केले. त्याला स्टँप लागत नाही, साधा कागद आणि दोन साक्षीदार पुरतात. नोंदणी सक्तीची नसली तरी केलेली बरी. आपल्याकडे उतारा कन्नडात, घरची बोली मराठी आणि नातवंडे इंग्रजीत शिकणारी. अशा वेळी करणाऱ्याला जी भाषा पुरती कळते तिच्यातच मृत्युपत्र लिहावे; मी मराठीत लिहिले. मुलगा आणि मुलगी दोघांना सारखे. त्यासोबत एक वेगळा कागद आहे, त्याला कायद्याचे बळ नाही. आम्हा दोघांना कुठे राहायला आवडेल, कोणते उपचार नकोत, दवाखान्याचा खर्च कोणत्या ठेवीतून करावा, आणि एकावरच भार पडू लागला तर दुसऱ्याने काय करावे, हे त्यात आहे. भाऊबीजेला दोघे घरी येतील तेव्हा तो त्यांच्यासमोर वाचणार आहे. त्यांचे म्हणणे ऐकून तो बदलावा लागला, तर बदलीन.

त्या दिवशी ताईलाही बोलावले आहे. माझ्या मुलांनी तो कागद तिच्यासमोर ऐकावा, अशी माझी इच्छा आहे.